६६ गुणांची पट्टी

बोधात्मक वर्तनोपचार शिकणाऱ्यांची रुग्णाशी झालेली संभाषणे ऐकून गुण देण्यासाठी जेफ्री यंग व अ‍ॅरन बेक यांनी १९८० साली अमेरिकेत एक पट्टी तयार केली. ११ बाबी, प्रत्येकी ० ते ६ गुण. रुग्णाला समजून घेणे, गृहपाठ, सारे आहे. ही शिस्त मला मोलाची वाटते. बुवाबाजीपेक्षा तर नक्कीच.

पण रुग्ण ज्या समाजव्यवस्थेतून येतो तिची जाण ही स्वतंत्र बाब नाही. आडनाव ऐकताच घरमालकाचा चेहरा बदलतो. भाड्याची खोली शोधताना तो मी पाहिला आहे. हेच आमचा विद्यार्थी सांगेल, तेव्हा शिकाऊ उपचारक त्याला ‘दुसऱ्याचे मन वाचण्याचा’ विचारदोष ठरवील, पुरावा मागेल, आणि तो कौशल्याने मागितल्याबद्दल गुणही मिळवील. विचार खरा निघाल्यास परिस्थितीकडे वळावे, असे ही पद्धती सांगते, हे मान्य. परंतु तो खरा ठरवणार कोण? आपल्याकडे हे शिकवणाऱ्यांनी जात ही बारावी बाब म्हणून पट्टीत घालावी, अशी माझी मागणी आहे.