अ‍ॅल्युमिनियमचे फ्रिक्शन स्टर वेल्डिंग : यंत्रावरील आकडे आणि सांध्यातील उष्णता – एक चिकित्सा

प्रस्तावना :
फ्रिक्शन स्टर वेल्डिंग ही पद्धत १९९१ मध्ये केंब्रिजजवळील 'द वेल्डिंग इन्स्टिट्यूट' या संस्थेत विकसित झाली. फिरणारे टूल दोन पत्र्यांच्या सांध्यात दाबून पुढे सरकविले जाते. धातू न वितळता मऊ होतो, ढवळला जातो आणि जोडला जातो. रेल्वेचे डबे व अग्निबाणांच्या इंधनटाक्या यांसाठी ही पद्धत वापरली जाते. साध्या व्हर्टिकल मिलिंग मशीनवरही प्रयोग शक्य असल्याने अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय लोकप्रिय आहे. तथापि या संशोधनाची एक चाकोरी बनली असून तिची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चाकोरीचे स्वरूप व मर्यादा :
टूलचे फेरे, फीड व टूलचा कल यांचे प्रत्येकी तीन स्तर, तागुची पद्धतीच्या एल-९ सारणीनुसार नऊ प्रयोग, ताणचाचणी आणि अखेरीस 'सर्वोत्तम' फेरे व फीड, असा हा क्रम असतो. साहित्य व वेळ वाचतो, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु नऊ प्रयोगांत फेरे आणि फीड यांचा परस्परसंबंध वेगळा काढता येत नाही, आणि या प्रक्रियेत तोच कळीचा असतो. 'फेऱ्यांचा वाटा इतके टक्के' हा निष्कर्षही निवडलेल्या स्तरांवर अवलंबून असतो. स्तरांमधील अंतर बदलले की वाटाही बदलतो.

उष्णतेचा विचार :
टूलची शक्ती म्हणजे टॉर्क आणि कोनीय वेग यांचा गुणाकार होय. फेरे वाढले की धातू मऊ होतो व टॉर्क घटतो. त्यामुळे फेरे दुप्पट केल्याने उष्णता दुप्पट होत नाही. आर्बेगास्ट व हार्टली यांच्या प्रचलित सूत्रात घातांक सुमारे ०.०५ धरल्यास, फीड तेच ठेवून फेरे दुप्पट केले असता कमाल तापमान केवळ ७ टक्के वाढते. याउलट, साध्या गणिती प्रतिमानात शोल्डरची उष्णता त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असते. व्यास १८ ऐवजी २० मि.मी. घेतल्यास ती सुमारे ३७ टक्के वाढते. खालची प्लेट पोलादाची की तांब्याची, यावरही उष्णता किती वाहून जाईल हे ठरते. म्हणून एका यंत्रावरील 'सर्वोत्तम' फेरे दुसऱ्या यंत्रावर तसेच लागू पडत नाहीत.

६०६१-टी६ या मिश्रधातूचे बळ मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या सूक्ष्म कणांत असते. उष्णता फार वेळ राहिल्यास हे कण जाड होतात आणि सांध्यालगतचा पट्टा दुर्बळ होतो. उष्णता अपुरी पडल्यास सांध्याच्या आत बोगद्यासारखी पोकळी राहते. दोन्ही नमुने कमी ताणातच तुटतात. कारणे मात्र परस्परविरुद्ध असतात आणि उपायही उलट करावे लागतात. केवळ ताणशक्तीचा आकडा हा भेद सांगत नाही.

बार्शीचा दाखला :
ई. आर. कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. हलक्या रुळांना प्रत्येक आसामागे ५ टन भार पेलेल, ही मर्यादा त्यांनी आधी निश्चित केली व इंजिने आणि डबे त्या मापाने बेतले. रुळावर प्रत्यक्ष पडणारा भार हे मूळ माप असल्याने त्यांचा विचार अन्य नॅरो गेज मार्गांनाही उपयोगी पडला. वेल्डिंगमध्ये हेच स्थान सांध्यातील उष्णतेचे आहे.

निष्कर्ष :
शोधनिबंधात फेरे व फीड यांच्यासोबत शोल्डरचा व्यास, खालच्या प्लेटचा धातू, स्पिंडलची शक्ती, सांध्यापासून ठराविक अंतरावरील थर्मोकपलची नोंद आणि नमुना नेमका कोठे तुटला हे दिलेच पाहिजे. यांपैकी स्पिंडलची शक्ती व तापमान वगळता कशालाही वेगळे उपकरण लागत नाही, आणि थर्मोकपल लहान प्रयोगशाळेलाही परवडतो. पुणे मेट्रोचे डबे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. अशा डब्यांच्या कारखान्यात उद्या काम करणाऱ्या विद्यार्थ्याला 'किती फेरे?' याआधी 'किती उष्णता?' हा प्रश्न विचारता आला पाहिजे. तो शिकविण्याची जबाबदारी मार्गदर्शकाची आणि असे निबंध तपासणाऱ्या परीक्षकाचीही आहे.