नकाराचे घर कोणते?

मूल ‘नाही’ म्हणते, तेव्हा ते नेमके काय सांगत असते? हट्ट, आळस, लाडावलेपण अशी तयार उत्तरे आपल्याकडे भरपूर आहेत. ब्रिटनमध्ये मात्र या ‘नाही’भोवती गेली चार दशके एक वाद चालू आहे. त्याच्या केंद्रस्थानी ‘पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉयडन्स’, थोडक्यात पीडीए, ही संज्ञा आहे. ही अवस्था स्वमग्नतेचा भाग मानावी की नाही, हा वादाचा विषय. माझ्याकडे वैद्यकाची पदवी नाही. शब्दांच्या ओढीने मी या वाचनाकडे वळलो. वर्गीकरणाचा वाद बराचसा शब्दांचाच असतो, पण त्याची किंमत घरातले मूल मोजते.

नॉटिंगहॅम विद्यापीठातील विकासमानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूसन यांनी १९८०च्या दशकात ही संज्ञा मांडली. त्यांच्याकडे तपासणीसाठी येणारी काही मुले स्वमग्नतेची आठवण करून देत, पण त्या चौकटीत नीट बसत नसत. वरवर ती मिळून मिसळून वागत, सोंगे घेण्यात रमत. पण ‘कपडे घाल’, ‘जेवायला ये’ एवढी साधी सूचना आली, की विषय बदलणे, सबबी सांगणे, ‘पाय चालतच नाहीत’ म्हणणे सुरू होई. तेही निष्फळ ठरले तर आकांत. त्यांत मुलींचे प्रमाण मुलांइतकेच होते, हेही त्या काळच्या समजुतीला धक्का देणारे होते.

आता मूळ मांडणी नीट पाहिली पाहिजे. २००३ साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या निबंधात न्यूसन यांनी पीडीएला स्वमग्नतेचा उपप्रकार म्हटलेले नाही. ‘व्यापक विकासात्मक विकार’ नावाच्या मोठ्या कुटुंबातला तो एक वेगळा सदस्य आहे, असा त्यांचा दावा होता. पुढे २०१३ साली डीएसएम-५ या अमेरिकी वर्गीकरणाने ते कुटुंबच मोडीत काढले आणि एकच ‘स्वमग्नता वर्णपट’ ठेवला. वाडा पाडल्यावर भाडेकरूने शेजारच्या घरात आसरा घ्यावा, तसे पीडीएचे झाले. ब्रिटनमध्ये ‘स्वमग्नतेतील पीडीए प्रोफाइल’ हा शब्दप्रयोग रुळला. डीएसएम-५मध्ये किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११मध्ये मात्र पीडीएला स्वतंत्र जागा नाही. जिने भेद दाखवण्यासाठी शब्द घडवला, तिच्याच शब्दाने पुढे तो भेद पुसला गेला.

पुरावा काय सांगतो? फेरो बेटांवरील २०१५च्या अभ्यासात स्वमग्न ठरलेल्या ५० जणांपैकी ९ जणांत पीडीएची शक्यता दिसली. आकडा लक्षवेधी आहे. पण स्वमग्नतेची शक्यता आढळलेल्यांतच हा शोध झाला होता. विहिरीत पोहरा सोडून पाणी विहिरीतच असते असे सिद्ध होत नाही. २०१४ साली तयार झालेली २६ प्रश्नांची प्रश्नावलीही पालकांच्या निरीक्षणावर उभी आहे. ते निरीक्षण मोलाचे आहे, पण मुलाच्या मनात भीती होती की संताप, हे त्यातून कळत नाही.

विरोधकांचीही बाजू भक्कम आहे. २०१८ साली जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी ही लक्षणे खरी आहेत, पण त्यांचा स्वतंत्र आजार बनत नाही, असा निष्कर्ष मांडला. चिंता, संवेदनांचा मारा, अवधानाच्या अडचणी अशा अनेक वाटांनी मूल याच नकारापाशी पोचू शकते. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी तर सूचना देणाऱ्या व्यवस्थेलाच प्रश्न विचारला: नकाराला विकृती ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

इथे मराठीने मला थोडी मदत केली. ‘डिमांड’ला प्रतिशब्द काय? मागणी पुरवायची असते, आज्ञा पाळायची असते, अपेक्षा न बोलताही असते. पीडीएच्या वर्णनांत तर स्वतःची भूक, स्वतःचीच आवडती गोष्टही ओझे होते. मला ‘तगादा’ हा शब्द जवळचा वाटतो. तगाद्याला दोन टोके असतात, लावणारा आणि सोसणारा. ‘पॅथॉलॉजिकल’ हे विशेषण सगळा दोष सोसणाऱ्याच्या अंगी चिकटवते. आपण बोट ठेवावे ते इथे.

तरीही विरोधकांचा विजय मला पुरता मान्य नाही. ‘हा आजारच नाही’ असे म्हणून तज्ज्ञ मोकळे होतात, तेव्हा पालकांच्या हाती पुन्हा जुनाच शेरा येतो: तुम्हीच वळण लावले नाही. स्वमग्न मुलांना अनेकदा उपयोगी पडणारे ठरीव वेळापत्रक या मुलांना तगाद्यासारखे जाचते. पर्याय देणे, आडून सुचवणे, थोडे थांबणे कामी येते, असे पालक सांगत आले आहेत. हे ज्ञान त्या नावाभोवती जमले. नाव टाकताना तेही फेकले जाऊ नये.

आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, पीडीए नाही. म्हणजे दाखल्यासाठी एक नाव आणि समजून घेण्यासाठी दुसरे, अशी विभागणी इथेही होऊ शकते. माझे मत असे: पीडीए हे वर्णन म्हणून ठेवावे, वर्ग म्हणून नव्हे, आणि ते स्वमग्नतेच्या कुंपणाबाहेरच्या मुलांनाही खुले असावे. मुलाचा नकार कोणत्या खान्यात जातो हे ठरेपर्यंत त्याच्यावरचा तगादा कमी करण्यासाठी कुणाच्याही शिक्क्याची वाट पाहावी लागत नाही.