आशा, उमेद आणि दोन क्रेडिटचा धर्म

'गीता प्रवचने' हे पुस्तक म्हणून कुणी लिहायला घेतलंच नव्हतं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेचा एक अध्याय सोपा करून सांगायचे. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली, १९ जूनला शेवट. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर सत्याग्रहात पकडलेले कैदी बसलेले, आणि साने गुरुजी भराभर सगळं उतरवून घेत होते. स्वातंत्र्य तेव्हा पंधरा वर्षं लांब होतं. ते पंधराच वर्षं लांब आहे, हे अर्थातच त्या खोलीत कुणालाही ठाऊक नव्हतं.

हे पुस्तक मी गेल्या काही महिन्यांत पुन्हा वाचलं. निमित्त अभ्यासक्रमाचं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार 'भारतीय ज्ञान परंपरा' हा विषय आता पदवीच्या क्रेडिटमध्ये आला आहे. महाराष्ट्राच्या आराखड्यात त्याच्या सर्वसाधारण पेपरला दोन क्रेडिट आहेत. हा विषय म्हणजे धर्मशिक्षण नव्हे. त्यात गणित येतं, आयुर्वेद येतो, स्थापत्य येतं. पण धर्मग्रंथ वर्गात येण्याचा रस्ताही तोच आहे. त्यावर दोन ठरावीक प्रतिक्रिया ऐकू येतात. एक म्हणते, बरं झालं, पोरं खचलेली आहेत, जरा आधार मिळेल. दुसरी म्हणते, झालं, आता इंजिनिअरिंगच्या पोरांना अफू पाजा. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: धर्म शिकवला की विद्यार्थ्याच्या मनात आशा नावाचं काहीतरी आपोआप तयार होतं. एकाला ते औषध वाटतं, दुसऱ्याला नशा. माझं म्हणणं असं की ते आपोआप तयार होत नाही. धर्म कसा शिकवला, यावर ते अवलंबून असतं.

आशा वेगळी, उमेद वेगळी

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत आणि ते एक नाहीत. 'आशा' संस्कृतातून आली आणि धार्मिक परंपरेत तिची प्रतिमा फारशी चांगली नाही. कीर्तनात आशा ही बहुतेक वेळा बेडी असते, तृष्णेची बहीण असते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आशेचे पाश आसुरी माणसाच्या खात्यावर जमा आहेत. रोजच्या मराठीतही 'आशाळभूत' हा काही कौतुकाचा शब्द नाही.

'उमेद' फारसीतून आली आणि कामाला लागली. तिच्यापासून 'उमेदवार' झाला. त्याहून सुंदर शब्द म्हणजे 'उमेदवारी'. निवडणुकीतली नव्हे, जुन्या अर्थाची. एखाद्या वकिलाकडे किंवा कचेरीत पगार नसताना किंवा नावापुरता घेऊन काम शिकत राहणं, म्हणजे उमेदवारी करणं. आज आपण त्याला इंटर्नशिप म्हणतो. म्हणजे मराठीपुरतं बोलायचं तर आशा काहीतरी मिळण्याची वाट बघते आणि उमेद काहीतरी शिकत असते.

चार्ल्स स्नायडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९१ च्या सुमारास जी 'होप थिअरी' मांडली, तीही याच्याजवळच जाते. त्याच्या मते होप म्हणजे 'सगळं चांगलं होईल' असं वाटणं नव्हे. एक ध्येय हवं, तिथे जायच्या एकाहून अधिक वाटा सुचायला हव्यात, आणि त्या वाटांवर चालायचा जोर अंगात हवा. जोर आहे पण वाट नाही, तर माणूस जागच्या जागी धावतो. वाट दिसते पण जोर नाही, तर नुसता नकाशा बघत बसतो.

पाठांतराने जोर मिळतो

मी नौपाड्यात राहतो. इथे धर्माची कमतरता नाही. गोखले रोडवरून चालत गेलं की क्लासेसच्या पाट्या आणि सत्संगाचे फ्लेक्स शेजारी-शेजारी दिसतात. गुढीपाडव्याला स्वागतयात्रेत फेटे बांधलेली कॉलेजची मुलंमुली असतात. ही यात्रेची प्रथा १९९९ साली शेजारच्या डोंबिवलीत सुरू झाली आणि मग गावोगाव गेली. त्या सकाळी या मुलांच्या चेहऱ्यावर जे असतं, त्याला मी खोटं म्हणणार नाही. आपण एकटे नाही, आपल्यामागे काहीतरी मोठं आहे, ही भावना जोर देते.

आमच्या सोसायटीत आयटीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे. शाळेत असताना गीता पाठांतराची बक्षिसं मिळवलेली. पंधरावा अध्याय आजही एका दमात म्हणते. यंदा तिच्या कॉलेजात कंपन्या कमी आल्या. लिफ्टमध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "दादा, फळाची अपेक्षा नको, हे मी घरी सांगू की प्लेसमेंट सेलला?"

मी हसलो, पण प्रश्न गमतीचा नव्हता. तिला श्लोक मिळाला होता, उच्चार मिळाला होता, शिस्त मिळाली होती. त्या श्लोकाशी भांडायची परवानगी मात्र कधी मिळाली नव्हती. त्यामुळे जेव्हा खरोखर फळ मिळेना, तेव्हा तोच श्लोक तिला टोमण्यासारखा ऐकू आला.

विनोबा दुसऱ्या अध्यायात याच जागी थांबतात, आणि इथे पुस्तकाची ताकद दिसते. फळ सोडायचं म्हणजे काम ढिलं करायचं, असं ते म्हणत नाहीत. उलट, फळावर डोळा असलेल्या माणसाचं काही लक्ष फळाच्या विचारात खर्च होतं. ज्याने तो विचार सोडला त्याचं सगळं लक्ष कामात असतं, म्हणून त्याचं काम जास्त चांगलं व्हायला हवं, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद तपासता येतो. स्वतःच्या कामावर लावून बघता येतो. पटला नाही तर कुठे पटला नाही ते सांगता येतं. पाठांतर स्पर्धेत नेमकी ही सोय नसते.

मोठी अक्षरं आधी

दहाव्या अध्यायावरचं प्रवचन मला सगळ्यात आवडतं. देव सगळीकडे आहे म्हणतात, पण तो बघायचा कसा? विनोबा मुलांना अक्षरं कशी शिकवतात ते आठवून देतात. आधी मोठी अक्षरं, मग तीच बारीक. आधी साधी, मग जोडाक्षरं. आई हे ठळक, साधं अक्षर. राम हे साधं अक्षर. रावण हे जोडाक्षर, तो वाचायला उशीर लागतो. पण भाषा यायची तर जोडाक्षरांपर्यंत जावंच लागतं.

शिक्षणाबद्दल इतकं व्यवहारी आणि इतकं आशादायक काही मी क्वचित वाचलं असेल. कठीण माणूस, कठीण परिस्थिती ही अभद्र नाही, ती फक्त अजून वाचता आलेली नाही. इथे जोराबरोबर वाटही मिळते.

पण याच पुस्तकात अशी एक जागा आहे जिथे मी विनोबांबरोबर जाऊ शकत नाही. स्वधर्म शोधावा लागत नाही, तो आईबापांसारखा जन्माबरोबर आपल्याला मिळतो, असं ते सांगतात. धुळ्याच्या तुरुंगात देशसेवा हा स्वधर्म मानणाऱ्या सत्याग्रह्याला हे वाक्य बळ देतं. पण जन्मामुळे ज्याच्या वाट्याला गावाबाहेरची वस्ती आली, त्याला हेच वाक्य दार बंद झाल्यासारखं ऐकू येणार. विनोबांचा हेतू तो नाही, हे मला मान्य आहे. पण टीकाकाराने वाक्य कुठून ऐकू येतंय तेही बघायचं असतं. डॉ. आंबेडकरांनी गीतेकडे चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार देणारा ग्रंथ म्हणून पाहिलं, ते याच जागेवरून. एकच ग्रंथ एका विद्यार्थ्याला उमेद देतो आणि दुसऱ्याची काढून घेतो. वर्गात दोघेही बसलेले असतात.

नागसेनवन

आंबेडकरांनी यावर दिलेलं उत्तर धर्म नको असं नव्हतं. डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत बोलताना त्यांनी एखाद्या धर्माची शिकवण देणं आणि धर्माचा अभ्यास करणं यांत फरक केला. पुढे घटनेच्या २८ व्या कलमाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धर्माची शिकवण देण्यास मनाई केली. अभ्यासाला मात्र बंदी नाही. आणि १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याचं नाव मिलिंद आणि परिसराचं नाव नागसेनवन.

ही नावं नुसती बौद्ध नाहीत, नेमकी आहेत. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात मिलिंद हा ग्रीक राजा नागसेन या भिक्खूला प्रश्नांमागून प्रश्न विचारतो. सुरुवातीलाच नागसेन अट घालतो: चर्चा पंडितांसारखी होणार असेल तर मी तयार आहे, राजांसारखी होणार असेल तर नाही. पंडितांची चूक दाखवली तर ते रागावत नाहीत. राजाचं म्हणणं खोडलं तर तो शिक्षा करतो. मिलिंद अट मान्य करतो आणि मगच प्रश्न सुरू होतात.

पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना प्रश्न विचारायचीच बंदी होती, त्यांच्या मुलांच्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव द्यायचं, यापेक्षा मोठं धर्मशिक्षण दुसरं कोणतं? त्याचं फळही दिसलं. याच मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी पुढे 'अस्मितादर्श' चालवलं आणि दलित साहित्यातल्या कित्येक नव्या हातांना तिथे जागा मिळाली.

साने गुरुजींचं काय?

इथे एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. ज्यांच्या लेखणीमुळे 'गीता प्रवचने' आपल्यापर्यंत पोचली, ते साने गुरुजी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकले आणि तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. विठ्ठलाचं मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. महाराष्ट्रातल्या मुलांना त्यांच्याइतकी उमेद फार थोड्यांनी दिली असेल. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

यावरून 'धर्माने त्यांना वाचवलं नाही' असा निष्कर्ष काढणं उथळ आहे, आणि ही गोष्ट लपवणं अप्रामाणिक. मला त्यातून इतकंच कळतं की उमेद दुसऱ्याला देता येते म्हणून ती आपल्यापाशी कायम राहीलच असं नाही. कुठलाही ग्रंथ हा विमा नाही. खचलेल्या विद्यार्थ्याला श्लोक म्हणायला सांगणं आणि डॉक्टरकडे नेणं, यांतलं एकच करायचं असेल तर डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे. तिचा नंबर कॉलेजच्या नोटीस बोर्डावर गीतेच्या सुविचाराशेजारी लावला तरी विनोबांची हरकत नसती.

दोन क्रेडिटमध्ये काय बसेल?

धर्म वर्गात येणारच असेल, तर माझी मागणी साधी आहे. परीक्षेत 'गीतेतील कर्मयोग स्पष्ट करा' हा प्रश्न नको. तो पाठ करून लिहिता येतो आणि चॅटबॉट तो आपल्या सगळ्यांपेक्षा नीटनेटका लिहून देतो. त्याऐवजी विनोबांचा दुसरा अध्याय आणि आंबेडकरांची गीतेवरची टीका शेजारी-शेजारी द्या. विद्यार्थ्याला विचारा: यातलं कोणतं वाक्य तुझ्या आयुष्यात टिकतं, कोणतं टिकत नाही, आणि का? 'नाही' लिहिणाऱ्यालाही पूर्ण मार्क मिळाले पाहिजेत. नागसेनाची अट ती हीच.

असा पेपर तपासणं कठीण आहे, हे मला माहीत आहे. साठ मुलांच्या वर्गात, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तर फारच कठीण. पण एवढं करायची तयारी नसेल, तर या दोन क्रेडिटमध्ये फार तर पाठांतर होईल, आणि ते करायला नौपाड्यात इतर पुष्कळ जागा आहेत.

त्या मुलीला मी माझ्याकडची 'गीता प्रवचने'ची प्रत दिली आहे. सोबत पेन्सिल दिली आणि समासात भांडायला सांगितलं. परवा मेसेज आला की तिसऱ्या अध्यायापर्यंत पोचली आहे आणि समास पुरत नाहीये.