‘किरकोळ’ दुरुस्तीचा अर्थ

मंजूर झालेल्या प्राणिप्रयोगाच्या योजनेत पुढे बदल करावयाचा झाल्यास त्यांतील किरकोळ कोणता व महत्त्वाचा कोणता, हा प्रश्न वरवर पाहता कार्यालयीन वाटतो. वस्तुतः तो अर्थविचाराचा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या प्रयोगशाळा-प्राणी कल्याण कार्यालयाने २६ ऑगस्ट २०१४ रोजी काढलेले मार्गदर्शनपत्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

त्यात बदलांच्या श्रेणी लावलेल्या आहेत. प्राण्याची वेदना वाढविणारा, त्याची जात बदलणारा किंवा प्रयोगाचे उद्दिष्टच पालटणारा बदल संस्थेच्या प्राणी-निगा समितीच्या परीक्षणावाचून होऊ शकत नाही. भूल वा वेदनाशामक औषध यांतील बदल समितीने आधी संमत केलेल्या धोरणानुसार, पशुवैद्याच्या सल्ल्याने करता येतो. मुद्रणदोष, व्याकरण व संपर्काचा तपशील यांची दुरुस्ती मात्र ना धोरण, ना सल्ला, अशा रीतीने कार्यालयातच होते.

या व्यवस्थेमागील हेतू रास्त आहे. दूरध्वनीचा क्रमांक बदलला म्हणून समितीची बैठक बोलवावी, असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो निकषाविषयी. वरच्या श्रेणी बदलामुळे प्रयोगात काय घडेल हे पाहतात. शेवटची श्रेणी कागदावर काय बदलले एवढेच पाहते.

मराठीतील एक कल्पित वाक्य घेऊ : ‘शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक आठ आठ तासांनी द्यावे.’ एखाद्या दक्ष लेखनिकाने ही द्विरुक्ती मुद्रणदोष समजून एक ‘आठ’ गाळला, तर वाक्य अधिक नीटनेटके दिसेल. उंदराला मात्र औषध एकदाच मिळेल. तसेच ‘रक्त वा मूत्र’ यातील एक काना गळाला, की एकाऐवजी दोन नमुने घेतले जातील.

अर्थ बदलला तर ती व्याकरणाची दुरुस्तीच नव्हे, असे यावर कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण अर्थ बदलला की नाही हे ठरविणे म्हणजेच परीक्षण, आणि नेमके तेच येथे होऊन गेल्याचे गृहीत धरले आहे.

उपाय अवघड नाही. दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे वाक्य शेजारी शेजारी ठेवावे आणि प्राण्याला प्रत्यक्ष हाताळणाऱ्यास विचारावे : तुमच्या कृतीत यामुळे काही फरक पडेल काय? ‘पडेल’ असे उत्तर आल्यास ती दुरुस्ती पशुवैद्याकडे जावी. एवढा विलंब कोणत्याही संशोधनास परवडण्याजोगा आहे.