कोरी जागा म्हणजे कोणती?

वाक्यातले शब्द मोजणारा प्रोग्रॅम लिहायला सांगितला, की विद्यार्थी आधी कोरी जागा शोधू लागतात. डोळ्यांना ती एकच दिसते. संगणकाला मात्र स्पेस म्हणजे ३२, टॅब म्हणजे ९ आणि नवी ओळ म्हणजे १०.

'सी' भाषेतले जुने फंक्शन 'इझस्पेस' या तिन्हींसह सहा चिन्हांना कोरे मानते. ओळीच्या आतली, शब्दाशब्दांमधली जागा तेवढी ओळखणारे 'इझब्लँक' भाषेच्या प्रमाणात आले ते १९९९ साली. ज्या यंत्रणांवर ते नव्हते तिथली उणीव 'ग्नूलिब' या संग्रहाने भरून काढली. त्यातले पर्यायी फंक्शन फक्त ३२ आणि ९ यांच्याशी तुलना करते. एवढ्याशा कामाला संग्रह कशाला, असे आम्हांलाही प्रथम वाटले.

पण 'मराठी' हाच शब्द घेऊन पाहा. यूटीएफ-८ पद्धतीत 'ठ' हे अक्षर २२४, १६४, १६० अशा तीन बाइटांनी लिहिले जाते. पश्चिम युरोपीय भाषांच्या 'लॅटिन-१' तक्त्यात १६० ही न तुटणारी स्पेस आहे. तो तक्ता चालू असलेली एखादी यंत्रणा १६० ला कोरी जागा मानत असेल, तर एकेक बाइट तपासणारा प्रोग्रॅम 'ठ'च्या पोटातच शब्द तोडतो! शिवाय नेहमीच्या पीसीवर 'चार' प्रकारात ऋण संख्याही बसत असल्याने १६० चे उणे ९६ होतात, आणि अशी संख्या या फंक्शनांना दिल्यास काय उत्तर येईल याची हमी प्रमाण देत नाही. ही काळजी सर्वस्वी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोडली आहे, हे आम्हांला पटत नाही.

ग्नूलिबमध्येच 'सी-इझब्लँक' हे दुसरे फंक्शन आहे. चालू भाषा कोणतीही असो, ते स्पेस आणि टॅब एवढेच ओळखते. 'ठ'ला धक्का लावत नाही. आमच्या मते संग्रहातले खरे मोलाचे हेच. 'इझब्लँक'मुळे प्रोग्रॅम सगळीकडे तयार होतो, 'सी-इझब्लँक'मुळे उत्तरही सगळीकडे तेच येते. दोन्हींच्या नावांत इतके साम्य ठेवले, हा मात्र दोषच. नवशिक्याला हा फरक नावावरून कळायचा कसा?

अर्थात याचीही मर्यादा आहे. वर्ड प्रोसेसरमधून उचललेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असली, तर यूटीएफ-८ मध्ये ती १९४, १६० अशी येते. 'सी-इझब्लँक' तिला ओळखत नाही आणि दोन शब्द एकच मोजले जातात. तिथे बाइट जुळवून आधी पूर्ण चिन्ह तयार करावे लागते, मग तपासणी.