क्वेकर पृच्छा : प्रश्नरूप आणि उत्तरदायित्व

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर पंथाने, म्हणजेच ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ या समाजाने, सर्वांवर बंधनकारक असा श्रद्धेचा मसुदा कधी स्वीकारला नाही. सभासदांच्या आचाराचे मार्गदर्शन त्याने मुख्यतः दोन प्रकारच्या वाक्यांवर सोपविले : आज्ञार्थी उपदेश आणि प्रश्नार्थी पृच्छा. ब्रिटनमधील वार्षिक सभेने १९९४ साली मान्य केलेल्या ‘अ‍ॅडव्हायसेस अँड क्वेरीज’ या पुस्तिकेत ही दोन्ही रूपे एकूण ४२ परिच्छेदांत एकमेकांत गुंफलेली आहेत. या पुस्तिकेचा गौरव करताना बहुधा असे म्हटले जाते की, प्रश्नरूपामुळे वाचकावर सक्ती होत नाही व त्याची विवेकबुद्धी मोकळी राहते. हे मत अर्धेच खरे आहे. प्रश्न हे वाक्यरूप स्वभावतः सौम्य नसते. तो कोण कोणास विचारतो आणि त्याचे उत्तर कोणापुढे द्यावे लागते, यावर त्याचे बळ ठरते. आणि पृच्छांचा इतिहास हा या दोन्ही गोष्टी पालटत गेल्याचा इतिहास आहे.

लंडनच्या वार्षिक सभेने १६८२ साली परगण्यांतून आलेल्या प्रतिनिधींना ज्या पृच्छा केल्या त्यांत आत्मपरीक्षणाचा मागमूसही नव्हता. गेल्या वर्षात कोणते धर्मसेवक निवर्तले, आपल्या निष्ठेपायी बंदीत पडलेल्यांपैकी कोण तुरुंगातच मरण पावले, आणि मित्रांमध्ये सत्याची व ऐक्याची स्थिती कशी आहे, एवढेच विचारावयाचे होते. छळाचा काळ होता. सभेला ही माहिती नव्हती आणि ती हवी होती. जॉन सर्ल याने १९६९ साली प्रश्नक्रियेची जी लक्षणे सांगितली, म्हणजे विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक नसणे व ते जाणण्याची इच्छा असणे, ती येथे पुरेपूर लागू पडतात.

अठराव्या शतकात पृच्छांची संख्या वाढली व त्यांचे रूपही पालटले. ‘कोण’ आणि ‘कसे’ यांच्या जागी होय-नाही प्रकारचे प्रश्न आले. मित्र उपासनेस नियमाने येतात काय, चर्चचा दशांश कर देण्याचे नाकारतात काय, बोलण्यात व पोशाखात साधेपणा राखतात काय, असे त्यांचे विषय. लेखी उत्तरे मासिक सभेकडून त्रैमासिक सभेकडे व तेथून वार्षिक सभेकडे जात. अशा प्रश्नात अपेक्षित उत्तर आधीच दडलेले असते. मराठीत ‘येतात का’ आणि ‘येतात ना’ असा भेद करता येतो. इंग्रजी वाक्यरचना तो लपविते, परंतु या पृच्छांतील ‘का’ हा बहुधा ‘ना’च होता. सर्लने परीक्षेतील प्रश्न म्हणून जो प्रकार वेगळा काढला आहे, त्याच्या हा जवळ जातो. परिणामी उत्तरे साचेबंद होत गेली, आणि पृच्छापद्धतीवरील पुढील टीकेचा रोख प्रायः याच कोरडेपणावर राहिला.

ही टीका एका मोठ्या घटनेकडे मात्र डोळेझाक करते. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७४३ साली आपल्या पृच्छांत गुलामांच्या आयातीविषयी व खरेदीविषयी एक पृच्छा घातली. त्या काळी तेथील अनेक प्रतिष्ठित क्वेकर कुटुंबांकडे गुलाम होते. या पृच्छेचा १७५५ मधील सुधारलेला पाठ भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे. मित्र गुलामांच्या आयातीपासून व खरेदीपासून मुक्त आहेत काय, हे त्यात विचारले आहे. त्याला जोडूनच, वारशाने वा अन्य मार्गाने ताब्यात असलेल्यांना ते नीट वागवितात काय, असेही विचारले आहे. पहिल्या भागात निषेध आहे. दुसऱ्या भागात मात्र गुलाम ताब्यात असणे हे गृहीतच धरलेले आहे. त्याला ‘होय’ म्हणा वा ‘नाही’ म्हणा, ते गृहीतक अबाधित राहते. एकाच वाक्यात समाजाची लाज आणि समाजाची तडजोड अशी शेजारी बसलेली क्वचितच आढळते. तरीही त्या वाक्याला लेखी उत्तर द्यावे लागत होते, आणि उत्तर द्यावयाचे तर कोणाच्या घरी काय आहे याची चौकशी ओघानेच आली. १७५८ साली सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना संघटनेच्या कारभारातून दूर ठेवण्याचे ठरविले व गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना भेटण्यासाठी जॉन वुलमन आदींना नेमले. १७७६ साली गुलाम बाळगणेच सभासदत्वाशी विसंगत ठरविले. हे सारे श्रेय एका पृच्छेला देणे भाबडेपणाचे होईल. वुलमनसारख्यांची चिकाटी तीत होतीच. पण दरवर्षी उत्तर मागणाऱ्या त्या साचेबंद, नीरस वाक्याने विषय मिटू दिला नाही.

१९९४ च्या पाठातील पृच्छा ही द्वितीय पुरुषी आहे. ती नीरव उपासनेत मोठ्याने वाचली जाते, ऐकणारा ती मनात घोळवितो. लेखी उत्तर कोठेही पाठवावयाचे नसते. यात लाभ आहे. साचेबंद उत्तराला वाव उरत नाही व प्रश्न पुन्हा खरा होतो, कारण त्याचे उत्तर श्रोत्यालाही आधी ठाऊक नसते. आपले चुकत असण्याची शक्यता ध्यानात घ्यावयास सांगणारा सतरावा परिच्छेद या पद्धतीचे उत्तम फळ होय. परंतु ‘प्रयत्न करणे’ या अर्थाचे क्रियापद या पाठात वारंवार येते, आणि तेथे पृच्छेची धार बोथट होते. शांततेसाठी वेळ काढता काय, आणि तसा प्रयत्न करता काय, या दोहोंत अंतर आहे. दुसऱ्या प्रश्नाला प्रामाणिक माणूसही सहज होकार देईल. युद्धाची मुळे आपल्याच राहणीत शोधावयास सांगणारा एकतिसावा परिच्छेद तर मागणीच्या दृष्टीने १७५५ च्या पृच्छेहूनही कठोर आहे. पण तो शोध कोणी घेतला व त्यात काय सापडले, हे जाणून घेणारी सभा त्याच्यामागे उभी नाही.

मराठीत हा पाठ आणू पाहणाऱ्यास याच प्रश्नाचा निर्णय सर्वनामापाशी करावा लागेल. आरंभीचे क्वेकर न्यायाधीशापासून सरदारापर्यंत प्रत्येकास एकेरी संबोधीत व त्यापायी रोष ओढवून घेत. तो बाणा राखावयाचा तर ‘तू’ हवे. परंतु आजच्या इंग्रजीतील सर्वनामात वचनाचा व मानाचा भेद उरलेला नाही, त्याला ‘तुम्ही’ अधिक जवळचे. ‘आपण’ घेतल्यास क्रियापदच निवाडा करते : ‘आपण करता का’ यात विचारणारा बाहेर राहतो, ‘आपण करतो का’ यात तोही उत्तरास बांधला जातो. १७५५ च्या पृच्छेला मात्र यांपैकी एकही रूप चालणार नाही. तिचा कर्ता तृतीय पुरुषी ‘मित्र’ हाच ठेवावा लागेल. कारण ती सभेला, तिच्या सभासदांविषयी, सभेत हजर नसलेल्यांविषयीदेखील, विचारलेली आहे.