टेक्सास ज्वरावरील प्रबंध : एक पुनर्विचार

गुरांच्या टेक्सास ज्वरावरील थिओबाल्ड स्मिथ व एफ. एल. किलबोर्न यांचा प्रबंध १८९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रोगाचे मूळ गोचिडांत आहे, ही पशुपालकांची समजूत तत्कालीन अनेक तज्ज्ञांनी हास्यास्पद ठरविली होती. लेखकद्वयाने तिची परीक्षा घेतली. दक्षिणेकडील गुरांचे गोचीड वेचून काढल्यावर त्यांच्या सहवासातील उत्तरेकडील गुरे निरोगी राहिली. केवळ गोचीड कुरणात सोडताच ती आजारी पडली. रक्तपेशींतील परजीवीचा गोचिडाच्या शरीरातील प्रवास मात्र प्रबंधात उलगडलेला नाही. तथापि निष्कर्ष पुराव्यापुढे धावत नाही, हेच त्याचे थोरपण. गोचिडाचा जीवनक्रम अभ्यासणाऱ्या कूपर कर्टिस यांना लेखकांत स्थान नसावे, हे मात्र खटकते.